पार्श्वभूमी: प्रोटीन स्किमर आजच्या रूपाला कसा आला

खाऱ्या पाण्याच्या मासे-प्रवाळांच्या टँकसाठी स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातला मळ बाहेर काढणारं यंत्र, बघायला लागलं की आधी खोक्यावरचा आकडा दिसतो: इतक्या लिटरपर्यंत चालेल. मग पंपाचा प्रकार, बॉडी नळकांडी की निमुळती, सम्पमध्ये (टँकखालच्या जोडटाकीत) बसणारा की टँकच्या पाठीला अडकवायचा. यातलं जवळपास प्रत्येक वैशिष्ट्य कोणाच्या तरी जुन्या अडचणीवरचा तोडगा आहे. ती अडचण आपल्याकडे आहे का, हे आकड्यावरून कळत नाही.

तत्त्व जुनंच आहे. विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात उतरणाऱ्या सेंद्रिय रेणूंपैकी बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू हवेच्या बुडबुड्याला चिकटतात, वर जाऊन फेस होतो, फेसातलं पाणी निथळतं आणि मळ कपात साचतो. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. समुद्राच्या पाण्यात क्षारांमुळे ते बारीक राहतात, म्हणून हे यंत्र घरात आलं ते समुद्री टँकसाठीच. फेसावर खनिज उचलून घेण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणींत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रुळली होती. घरगुती टँकपर्यंत यायला मात्र १९६०चं दशक उजाडलं.

सुरुवात जर्मनीत झाली. एर्विन सँडर यांच्या स्किमरमध्ये पाणी वरून खाली यायचं आणि लाकडी एअरस्टोनमधून (हवेचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र तुकड्यातून) निघालेले बुडबुडे त्याच्या उलट दिशेने वर जायचे. बुडबुड्याला पाण्यात जास्त वेळ मिळावा म्हणून नळी उंच ठेवावी लागे. लाकडाची छिद्रं बुजत, बुडबुडे मोठे होत आणि एअरस्टोन वरचेवर बदलावा लागे. पुढची तीस वर्षं झालेले बहुतेक शोध या दोन कटकटी, म्हणजे उंची आणि एअरस्टोन, टाळण्यासाठी होते.

अमेरिकेत तेव्हा रेतीखालच्या फिल्टरचं राज्य होतं. त्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट साचत जातं. मासे ते सोसतात, नाजूक प्रवाळांना मात्र ते जड जातं. इंडोनेशियात ली चिन एंग यांनी लाइव्ह रॉक (जिवाणू आणि इतर जीव वसलेले समुद्रातले दगड) आणि साध्या हवेवर टँक चालवून दाखवला होता, त्याबद्दल १९६१ साली लिहूनही आलं, पण बहुतेकांनी ते मनावर घेतलं नाही. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेमुळे डच पद्धतीचा ट्रिकल फिल्टर अमेरिकेत गाजला: प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकत खालच्या टाकीत पडायचं. नायट्रेटचा प्रश्न त्यानेही सुटला नाही.

तो बऱ्याच अंशी सुटला बर्लिन पद्धतीने. लाइव्ह रॉक, तीव्र प्रकाश, चुन्याचं पाणी आणि जोरदार स्किमर. घाण कुजून नायट्रेट होण्याआधीच तिच्यातला काही भाग बाहेर काढायचा, हा त्यामागचा विचार. १९९०च्या दशकात ही पद्धत जगभर पसरली. लोकांनी ट्रिकल फिल्टरमधल्या गोळ्या काढून टाकल्या, खाली रिकामी टाकी उरली, आणि तिथेच स्किमर बसवायची सोय झाली. सम्पमधल्या स्किमरची प्रथा त्यातूनच रुळली.

विरोधकही होते. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर अॅडी शेवाळाच्या जाळीवर पाणी शुद्ध करत. स्किमर प्लवकही (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीवही) ओढून नेतो, हा त्यांच्या बाजूचा आक्षेप होता. मला तो आजही पूर्ण खोडून काढता येण्यासारखा वाटत नाही.

त्यानंतर बुडबुड्यांची शर्यत लागली. व्हेंचुरीने, म्हणजे वाहत्या पाण्याच्या ओढीने हवा आत खेचणाऱ्या अरुंद तोटीने, एअरस्टोन घालवला. डाउनड्राफ्ट (उंच नळीत पाणी जोरात खाली सोडणारी रचना) आणि बेकेट नोझलने हवा भरपूर मिसळली, पण त्यांना ताकदवान पंप लागे. बेकेट नोझल तर मुळात कारंज्यासाठी बनलेलं. शेवटी टिकला तो निडल-व्हील: पंपाच्या चाकावरचे काटेच हवेचा भुगा करतात, वीज कमी लागते, उंचीही कमी चालते. निमुळती बॉडी आणि डीसी पंप हे त्यावरचे पुढचे हात.

या शर्यतीला खरा लगाम घातला तो मोजमापाने. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९-१०च्या सुमारास वेगवेगळे स्किमर तपासले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच निघत होता आणि मॉडेलांमधला फरक जाहिरातींवरून वाटतो तेवढा नव्हता. कपातल्या घन गाळाचा बराचसा भाग तर कॅल्शियम कार्बोनेट, सिलिका असल्या असेंद्रिय पदार्थांचा निघाला.

म्हणून लिटरच्या आकड्यापेक्षा टँकमध्ये मासे किती आणि खाद्य किती पडतं हे आधी बघावं. कमी माशांच्या टँकला फार मोठा स्किमर लावला तर फेस कपापर्यंत पोचायच्या आधीच विरतो. सम्पमधला स्किमर घेणार असाल तर त्याला किती खोल पाणी लागतं ते मोजून घ्या, आणि ती पातळी स्थिर ठेवा; ती वरखाली झाली की फेसही वरखाली होतो. उरलेली तुलना आवाज, वीज आणि कप धुवायला किती सोपा, यावर करा.