समानुभवी आधार

मानसिक आजारातून गेलेल्या किंवा अजून त्यातच असलेल्या माणसाने तशाच आजाराशी झगडणाऱ्या दुसऱ्याला दिलेली साथ. 'पीअर सपोर्ट' हा शब्दही सर्रास चालतो. स्वमदत गट हे तिचे सर्वांत परिचित रूप. काही देशांत प्रशिक्षण घेतलेले समानुभवी रुग्णालयांत पगारावरही असतात.

कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात मनोरुग्ण विभागाचे व्यवस्थापक झाँ-बाप्तिस्त प्यूसँ बऱ्या झालेल्या मनोरुग्णांनाच सेवक म्हणून नेमत. असे सेवक रुग्णांवर हात उगारत नाहीत, हा त्यांचा अनुभव. प्यूसँ स्वतःही तिथे रुग्ण म्हणूनच आले होते, मात्र गंडमाळेचे, म्हणजे मानेतल्या गाठींच्या क्षयाचे. पुढे १९३७ मध्ये शिकागोत मानसोपचारतज्ज्ञ अब्राहम लो यांनी 'रिकव्हरी' ही रुग्णांच्या स्वमदतीची संस्था काढली. नेदरलँड्समध्ये १९८७ च्या सुमारास मानसोपचारतज्ज्ञ मारियस रोम यांनी इतरांना न येणारे आवाज ऐकू येणाऱ्यांना एकमेकांशी बोलते केले. आवाज खरा की भास हा वाद बाजूला ठेवून 'तो काय म्हणतो, कधी म्हणतो' हे विचारणारे गट त्यातून उभे राहिले.

गटात घडते ते वरवर किरकोळ वाटते. "गोळीनं सकाळी डोळेच उघडत नाहीत," असे कुणी म्हणतो. शेजारचा सल्ला देत नाही. "माझंही तसंच व्हायचं, डॉक्टरांना विचारून मी वेळ बदलून घेतली," एवढेच सांगतो. पुढच्या भेटीत पहिला डॉक्टरांसमोर तोंड उघडतो. 'मी केले' आणि 'तू कर' यांतला फरक सांभाळणे हेच या कामातले खरे कसब, आणि ते वाटते तितके सोपे नाही.

इंग्लंडमधील ४४१ जणांच्या एका चाचणीत (२०१८) तीव्र मानसिक संकटातल्या रुग्णांसाठीच्या सेवेतून बाहेर पडल्यावर समानुभवीची साथ मिळालेल्यांपैकी २९ टक्के, तर इतरांपैकी ३८ टक्के वर्षभरात पुन्हा तीव्र उपचारांकडे आले. सगळेच अभ्यास इतका स्पष्ट फरक दाखवत नाहीत.

पगार आला की पेचही येतो. समानुभवीला रुग्णाच्या नोंदी लिहाव्या लागतात, बैठकीत तज्ज्ञांच्या बाजूला बसावे लागते आणि बरोबरीचे नाते तिथेच कलते. समोरचा आत्महत्येबद्दल बोलला, तर ते गुपित ठेवता येत नाही. म्हणून हे पहिल्याच भेटीत सांगून टाकतात. समानुभवीचा स्वतःचा आजार उलटला, तर त्याला विनासायास रजा मिळावी लागते.