मुलाचे मधले नाव

युरोप-अमेरिकेतील नामकरणपद्धतीत बाळाचे पहिले नाव आणि आडनाव यांच्यामध्ये येणारे दुसरे नाव. हे नाव पालक स्वतः निवडतात. ‘लेव निकोलायेविच तोलस्तोय’मधील ‘निकोलायेविच’ हे पितृनाम वडिलांच्या नावावरून आपोआप ठरते, म्हणून ते यात मोडत नाही. ‘गायस यूलियस सीझर’मधला ‘यूलियस’ही नाही, ते कुळाचे नाव.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापर्यंत सर्वसामान्य माणसाचे एका नावावर भागत असे. कॅथलिक युरोपात मात्र संतांची आणि धर्मपित्याची (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्याची) नावे एकापुढे एक जोडली जात. संगीतकार मोझार्टचा जन्म २७ जानेवारी १७५६चा. तो संत जॉन क्रिसोस्टोमचा दिवस, म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदीत पहिली दोन नावे त्या संताची आहेत. ‘वोल्फगांग’ त्यानंतर येते. अमेरिकेच्या पहिल्या पाचही अध्यक्षांना मधले नाव नव्हते. सहावे जॉन क्विन्सी ॲडम्स (जन्म १७६७) यांना ते आईच्या आजोबांवरून मिळाले.

पहिले नाव बहुधा आईबापांच्या आवडीचे असते, तर मधल्या नावात नात्यागोत्याचा मान राखला जातो. आजोबांचे जुनाट वाटणारे नाव हाक मारायला नको असते, पण टाकवतही नाही. त्याची सोय इथे लागते. आईचे माहेरचे आडनावही मुलाच्या नावात असेच शिरते. फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट, जॉन फिट्झजेराल्ड केनेडी ही त्याची ठळक उदाहरणे. दोन्हीकडचे आजोबा हक्क सांगू लागले की पंचाईत होते. हॅरी एस. ट्रूमन (जन्म १८८४) यांच्या घरी त्यावर नामी तोड निघाली. एका आजोबांच्या नावात ‘शिप’ होते, दुसऱ्यांचे नाव ‘सॉलोमन’. म्हणून नुसते ‘एस’ हे अक्षर ठेवले गेले. त्याचे पूर्ण रूप काहीच नाही.

निवडताना तिन्ही नावे सलग आणि मोठ्याने म्हणून पाहावीत. पहिले नाव ज्या आवाजावर संपते त्याच आवाजाने मधले सुरू झाले, तर दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. आडनाव लांबलचक असेल तर मधले आखूड बरे. आद्याक्षरांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि शाळेतली मुले नेमके तेच हेरतात. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हायरम युलिसिस ग्रँट यांची आद्याक्षरे जुळून ‘हग’, म्हणजे ‘मिठी’, होत असे. १८३९मध्ये लष्करी अकादमीसाठी शिफारस करणाऱ्या लोकप्रतिनिधीने चुकून ‘युलिसिस एस. ग्रँट’ असे लिहिले आणि तेच नाव कायमचे चिकटले.

पहिले नाव कागदावर ठेवून मुलाला मधल्या नावानेच हाक मारण्याची रीतही जुनी आहे. वुड्रो विल्सन यांचे पहिले नाव टॉमस, पॉल मॅकार्टनी यांचे जेम्स. पण अशा मुलाचा दवाखान्यात पुकारा होतो तो पहिल्या नावाने, आणि तो आपल्यासाठी आहे हे त्याच्या लवकर ध्यानातच येत नाही. हाकेचे नाव आधीच ठरलेले असेल, तर तेच पहिले लिहिणे सोयीचे.

मधली नावे दोन-तीन ठेवायलाही सहसा आडकाठी नसते. मात्र पासपोर्टच्या यंत्रवाचनीय ओळीत आडनावासह सगळ्या नावांना मिळून ३९ जागाच असतात. त्यात न मावणारी अक्षरे तिथे छाटली जातात.