मर्गट्रॉइड: एका यॉर्कशायरी आडनावाची पार्श्वभूमी

मर्गट्रॉइड हे आडनाव एकाच शेतावरून पडलं. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर काउंटीच्या वेस्ट रायडिंग या पश्चिम विभागात, हॅलिफॅक्सच्या पश्चिमेला, कॅल्डर नदीच्या उत्तरेकडच्या उतारावर वॉर्ली गावच्या शिवारात हे शेत होतं. आजच्या नकाशावर त्या नावाची वस्ती शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही, कारण ती जागा पुढे 'द हॉलिन्स' म्हणून ओळखली जाऊ लागली. शेताचं नाव मिटलं, आडनाव तेवढं राहिलं. आडनावांच्या कोशांत या आडनावासमोर 'हरवलेल्या जागेवरून' असा शेरा असतो तो यामुळेच.

सर्वांत जुनी म्हणून नेहमी दिली जाणारी नोंद १३७१ सालची आहे. वॉर्लीच्या कॉन्स्टेबलचं नाव तिथे 'डी मॉर्गटरॉइड' असं येतं. त्या काळचा कॉन्स्टेबल म्हणजे गणवेशातला पोलीस नव्हे. ठरावीक मुदतीसाठी नेमलेला, गावातल्या कुरबुरी आणि गुन्हे मनोर न्यायालयापुढे, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीच्या न्यायालयापुढे, मांडणारा, आपल्याकडच्या पाटलाच्या कामातला थोडा भाग सांभाळणारा तो माणूस. या नोंदीवरून 'कॉन्स्टेबल झाल्यावर त्याने हे आडनाव धारण केलं' असं वाक्य ठिकठिकाणी छापलं गेलं आहे. ते सोडून द्यायला हवं. नोंद एवढंच सांगते, की त्या वर्षी तो माणूस त्या जागेच्या नावाने ओळखला जात होता. त्याचा बापही तसाच ओळखला जात असेल. कागद मात्र मुलाचा टिकला. पहिली उपलब्ध नोंद ही आडनावाची जन्मतारीख धरली, की पुढची वंशावळ एका पिढीने तरी चुकते.

आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लागतं. तिथे ते काम जागेच्या नावाआधीचा 'डी' करायचा. चौदाव्या-पंधराव्या शतकात हा 'डी' गळून पडला आणि नुसतं जागेचं नाव माणसाला चिकटून राहिलं. 'डी' असलेली नोंद दिसली तर तो माणूस त्या जागेवर प्रत्यक्ष राहत असण्याची शक्यता बरीच. 'डी' नसेल तर तो दहा मैलांवरच्या गावातही राहत असू शकतो, आणि आडनाव वंशपरंपरागत झाल्याची ती खूण असते.

आता अर्थाकडे येऊ. या आडनावाबद्दलचा खरा वाद तिथेच आहे.

शेवटच्या 'रॉइड'बद्दल दुमत नाही. रान तोडून, मुळं उपटून, दगड बाजूला काढून लागवडीला आणलेली जमीन म्हणजे रॉइड. मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला 'रॉड'सारखा होता. वेस्ट रायडिंगच्या बोलीत असा 'ओ' लांबून 'ऑइ' होतो: कोळशाला तिथले जुने लोक 'कोल' न म्हणता 'कॉइल' म्हणतात, भोकाला 'होल' न म्हणता 'ऑइल'. त्याच वळणाने या शब्दाचा 'रॉइड' झाला. ॲक्रॉइड, होलरॉइड, बूथरॉइड, ओल्डरॉइड ही सगळी भावंडं याच खोऱ्यांतली. इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला यातलं एखादं आडनाव भेटलं, तर त्याचा पूर्वज पेनाइन डोंगराच्या पूर्व उतारावरून आला असं निःशंक धरून शोध सुरू करता येतो.

भांडण आहे ते 'मर्गट'वर. लोकप्रिय अर्थ असा: 'मूर' म्हणजे माळरान, 'गेट' म्हणजे वाट, म्हणून 'माळाकडे जाणाऱ्या वाटेवरचं शेत'. यातल्या 'गेट'चा फाटकाशी संबंध नाही. यॉर्कशायरवर नॉर्स लोकांचा मोठा ठसा आहे आणि त्यांच्या भाषेत 'गाता' म्हणजे रस्ता. लीड्समधल्या ब्रिगेट आणि कर्कगेट या रस्त्यांच्या नावांत तोच शब्द आहे. वॉर्लीचं वरचं अंग खरोखरच माळाला भिडतं, आणि १३७१ च्या नोंदीतलं 'मॉर्गट' या अर्थाशी तंतोतंत जुळतं. म्हणून हा अर्थ लगेच पटतो.

दुसरा अर्थ: 'मर्ग्रेटचं शेत'. मर्ग्रेट हे मार्गारेटचं मध्ययुगीन इंग्रजी रूप. मोठे आडनावकोश या बाजूला आहेत, आणि माझंही मत तिकडेच झुकतं. त्याची कारणं नीट सांगायला हवीत, कारण इंटरनेटवर या अर्थाला एका ओळीत निकालात काढलेलं दिसतं.

पहिलं कारण नावं ठेवण्याच्या रिवाजाचं. रॉइडच्या आधी झाडाचं किंवा जमिनीच्या ठेवणीचं नाव येतं, तसंच ती जमीन मोडणाऱ्या किंवा कसणाऱ्या माणसाचंही येतं. बाईचं नाव येत नसे, हा समज चुकीचा आहे. हेब्डन ब्रिजजवळ इबट रॉइड आहे, आणि इबट हे इझाबेलचं लाडकं रूप. विधवा आणि वारस मुली मनोर न्यायालयात पैसे भरून जमीन आपल्या नावावर करून घेत. तेव्हा एखाद्या मार्गारेटचं शेत असणं ही अगदी साधी गोष्ट आहे.

दुसरं कारण उच्चाराचं. 'मर्ग्रेट-रॉइड' म्हणून पाहा: तीन 'र' एका दमात येतात. अशा शब्दातला मधला 'र' जीभ टाकून देते आणि 'मर्गेटरॉइड' उरतं. तिसरं कारण लेखनिकाचं. न्यायालयाच्या गुंडाळ्या (गुंडाळून ठेवलेले नोंदींचे कागद) लॅटिनमध्ये लिहिणारा कारकून स्थानिक नाव कानाने टिपायचा आणि न कळलेल्या शब्दाला ओळखीचं रूप द्यायचा. झिजलेलं 'मर्गेट' त्याने 'मॉर्गट' लिहिलं, तर त्यात नवल नाही. उलट दिशेचा प्रवास अवघड आहे. 'गेट' म्हणजे वाट, हा अर्थ यॉर्कशायरच्या बोलीत पुढे कित्येक शतकं जिवंत होता. ज्याचा अर्थ रोज तोंडात आहे, असा शब्द सहसा झिजत नाही.

कापडाने या आडनावाला हात दिला. हॅलिफॅक्स हा इंग्लंडमधल्या सर्वांत विस्तीर्ण पॅरिशांपैकी (एका चर्चच्या कारभाराखालच्या प्रदेशांपैकी) एक, वीसहून अधिक गावांचा. जमीन उताराची, हलकी, ओटशिवाय फारसं काही न देणारी. म्हणून घरोघरी माग, आणि कर्सी नावाचं जाड लोकरी कापड. थोडी शेती आणि थोडं विणकाम यांवर मुलं तिथल्या तिथे जगू शकली, बाहेर पडावं लागलं नाही, आणि एकाच जागेवरून निघालेलं आडनाव त्याच खोऱ्यात दाट होत गेलं. या कुळातल्या एका श्रीमंत कापडवाल्याने कीथलीजवळचं ईस्ट रिडल्सडेन हॉल विकत घेऊन १६४० च्या दशकात नव्याने बांधलं. ते आज पाहता येतं. पुढे वॉर्लीशेजारच्या लडेंडनमध्ये १८४७ साली ओट्स रॉइड ही वर्स्टेड (गुळगुळीत पिळाच्या लोकरी) सुताची गिरणी उभी राहिली, तीही मर्गट्रॉइडांचीच. चेशरमधल्या मिडलविच इथे १८८९ मध्ये त्याच आडनावाने खाऱ्या पाण्याचे पंप आणि मिठाचा कारखाना सुरू झाला. चेशरच्या नकाशावर हे आडनाव दिसलं, तर आधी मिठाचा आणि स्थलांतराचा विचार करावा, स्वतंत्र उगमाचा नाही.

आडनावाचा प्रसार मोजायचा तर १८८१ ची जनगणना हा सर्वांत सोयीचा पाया आहे, कारण ती अख्खी उतरवून घेतलेली आहे. आधी लेखनभेद गोळा करावेत: मर्गिट्रॉइड, मर्गेट्रॉइड, मॉर्गट्रॉइड, शेवटी जादा 'ई' असलेलं, 'वाय'ऐवजी 'आय' असलेलं. मग नोंदणी जिल्ह्यानुसार डोकी मोजावीत आणि दर दहा हजार लोकसंख्येमागे प्रमाण काढावं. नुसत्या आकड्यावर थांबलात तर लीड्ससारखं मोठं शहर नेहमीच पुढे दिसेल आणि खरं केंद्र झाकलं जाईल. दुर्मीळ आडनावात एकाच घरातली दहा मुलंही जिल्ह्याचं प्रमाण फुगवतात, म्हणून कुटुंबप्रमुख वेगळे मोजावेत. त्यानंतर राहण्याच्या जिल्ह्याऐवजी जन्मस्थानाच्या रकान्यावरून तोच नकाशा पुन्हा काढावा. दोन नकाशे शेजारी ठेवले की हॅलिफॅक्सपासून कीथली, ब्रॅडफर्ड आणि लँकेशायरच्या गिरणीगावांकडे गेलेली माणसं दिसू लागतात.

जन्मस्थानाचा रकाना १८५१ पासून पॅरिशचं नाव देतो. १८४१ मध्ये फक्त 'याच काउंटीत जन्म का' याचं होय-नाही आहे, आणि पंधरा वर्षांवरच्यांचं वय साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणलेलं असतं. ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. १८५१ च्या नोंदीतही एक फसवी जागा आहे. 'हॅलिफॅक्स' असं लिहिलं असेल तर ते शहर असेलच असं नाही, पॅरिशमधलं कुठलंही गाव असू शकतं. अशा वेळी वॉर्ली, सॉवरबी, मिजली यांची चॅपेलं आणि बिगर-अँग्लिकन सभागृहं, दोन्हींची बाप्तिस्मा-बुकं तपासावी लागतात. या डोंगरी भागात मेथडिस्ट आणि इंडिपेंडंट मंडळी भरपूर होती, त्यामुळे हॅलिफॅक्सच्या मुख्य चर्चच्या १५३८ पासूनच्या पुस्तकांत मूल सापडलं नाही म्हणून ते तिथलं नव्हतं असं ठरत नाही. नागरी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली खरी, पण नोंद न करणाऱ्या पालकांवर दंडाची जबाबदारी १८७४ च्या कायद्याने आली. तोवरच्या गाळलेल्या जन्मांची वाट बाप्तिस्म्याकडूनच सापडते.

शोधयंत्रात हे आडनाव हरवतं ते बहुधा पहिल्या अक्षरात. गणतीदाराचा लफ्फेदार 'एम' उतरवणाऱ्याला 'एन', 'एच' किंवा 'डब्ल्यू' वाटतो. साउंडेक्स या पद्धतीत आडनावाला उच्चारावरून एक अक्षर आणि तीन आकडे असा संकेत मिळतो. त्यात पहिलं अक्षर जसंच्या तसं राहतं, त्यामुळे ही चूक ती पकडू शकत नाही. मर्गट्रॉइडचा साउंडेक्स एम६२३. 'ई', 'आय', 'ओ' यांनी लिहिलेली सगळी रूपं त्याच खणात पडतात, हे बरं. पण मार्गेट्स हे वेगळं आडनावही तिथेच येऊन बसतं, कारण संकेत तीन आकड्यांवर तोडला जातो आणि 'रॉइड' मोजलाच जात नाही. 'आर' चुकून 'एन' वाचला गेला की मंगट्रॉइड होतं आणि संकेत बदलून एम५२३ येतो. म्हणून साउंडेक्सवर विसंबू नये. पहिलं अक्षर मोकळं ठेवून मधल्या 'गट' आणि शेवटच्या 'रॉइड' यांवर शोध लावावा. त्यानेही मिळालं नाही तर आडनाव पूर्ण सोडून नाव, वय आणि जन्मगाव एवढ्यावर शोधावं.

सीमारेषांनीही बऱ्याच नकाशांत घोळ घातला आहे. टॉडमॉर्डनचं नगरभवन १८७५ मध्ये उघडलं तेव्हा यॉर्कशायर आणि लँकेशायरची हद्द त्याच्या खालून जात होती. १८८८ मध्ये ती हलवली गेली. तिथला एकच मर्गट्रॉइड, घर न बदलता, वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळ्या काउंटीचा दिसू शकतो. पुढे १ एप्रिल १९७४ ला वेस्ट रायडिंगच रद्द झालं. हॅलिफॅक्स कॅल्डरडेलमध्ये आलं, कीथली ब्रॅडफर्डला जोडलं गेलं, सॅडलवर्थ ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेलं, बार्नोल्ड्सविक लँकेशायरमध्ये. १८८१ चा काउंटीवार तक्ता आजच्या काउंटीवार तक्त्याशेजारी ठेवून 'आडनाव पश्चिमेकडे सरकलं' असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे. माणसं जागची हललीच नव्हती, रेषा हलली होती. तुलना करायची तर दोन्ही वेळी गाव हेच एकक धरावं.

एकाच उगमाचा दावा आता जनुकांवरही तपासता येतो. शेजारच्याच भागातल्या साइक्स आडनावाच्या पुरुषांचा वाय-गुणसूत्राचा (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राचा) अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, आणि निम्म्याच्या जवळपास पुरुषांत एकच नमुना आढळला. उरलेल्यांत तो न आढळणं म्हणजे दुसरा उगम, असा सरळ अर्थ होत नाही. विवाहबाह्य जन्म, सावत्र बापाचं आडनाव, आईकडून आलेलं आडनाव हे सगळं सहा शतकांत थोडं थोडं साचत जातं. मर्गट्रॉइडांची अशी चाचणी करताना जुळणारे नमुने वॉर्ली-लडेंडनपर्यंत कागदाने पोचलेल्या घरांतून आधी घ्यावेत. दूरदेशी स्थायिक झालेल्या, कागद तुटलेल्या शाखा नंतर त्यांच्याशी ताडाव्यात. उलट क्रमाने केलं तर कुठला नमुना मूळचा, हे ठरवायला आधारच राहत नाही.

रंगभूमीने आणि पडद्याने या आडनावाला वेगळीच प्रसिद्धी दिली. १८८७ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात आलेल्या एका संगीतिकेत शापित सरदार घराणं मर्गट्रॉइड होतं, आणि अमेरिकेत एका कार्टूनमधल्या गुलाबी डोंगरी सिंहाच्या (प्यूमाच्या) तोंडचा उद्गार म्हणून ते घरोघरी पोचलं. तेव्हापासून सरदारकीची आणि वंशचिन्हाची चौकशी करणारे बरेच आहेत. त्यांना सरदारांच्या याद्यांपेक्षा वेकफील्ड मनोरच्या न्यायालयीन गुंडाळ्या अधिक उपयोगी पडतील. त्या १२७४ पासून आहेत, वॉर्ली त्याच मनोरमध्ये येत होतं, आणि रान मोडून नवी जमीन घेणाऱ्यांनी भरलेले पैसे त्यांत नावानिशी नोंदलेले आहेत. त्यातल्या 'रॉइड'च्या आधी येणाऱ्या बायकांच्या नावांकडे विशेष लक्ष ठेवावं.