एकच मेल, दोन निकाल

संकरित बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यातील एका कंपनीची कल्पना करावी. "पॅकिंगच्या पिशव्या घाऊक दरात, सवलत आजपुरतीच" असा मेल तिच्या खरेदी आणि लेखा या दोन्ही विभागांना एकदमच येतो. खरेदी पाहणाऱ्याला खरिपापूर्वी असे दरपत्रक हवेच असते; लेखापालाच्या दृष्टीने तो निव्वळ कचरा असतो. तेव्हा स्पॅमची चाळणी पत्त्यागणिक वेगळी असावी, ही मागणी रास्तच आहे.

चाळण्याचे गणित अवघड नाही. स्पॅमअसॅसिन हा प्रोग्राम मेलला अनेक कसोट्या लावतो, प्रत्येकीचे अधिक किंवा उणे गुण धरतो आणि बेरीज ५ झाली की त्याला स्पॅम ठरवतो. हा आकडा बदलता येतो. अमाविससारखा मध्यस्थ प्रोग्राम तो पत्त्यागणिक डेटाबेसमधून वाचतो, त्यामुळे खरेदीला ८ आणि लेखा विभागाला ४ अशी मर्यादा ठरवून देता येते.

घोडे अडते ते दारातच. सर्व्हर एकमेकांशी ज्या एसएमटीपी नियमांनी बोलतात, त्यांचा मूळ आराखडा १९८२ सालचा आहे. पाठवणारा सर्व्हर आधी पत्ते एकेक करून सांगतो आणि प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र होकार किंवा नकार मिळतो. मजकूर मात्र त्यानंतर एकदाच येतो आणि त्यावरचे उत्तरही सर्वांसाठी मिळून एकच द्यावे लागते. गुण तर मजकूर पाहिल्यावरच ठरतात. ६ गुणांचा मेल घेतला तर लेखापालाचा नियम मोडतो, नाकारला तर खरेदीचे दरपत्रक जाते. आधी घेऊन मागाहून नकार कळवावा, तर स्पॅमवरील प्रेषकाचा पत्ता बहुधा खोटा असल्याने ते पत्र भलत्याच माणसाच्या माथी बसते. पहिला पत्ता स्वीकारून बाकीच्यांना तात्पुरता नकार देण्याचीही युक्ती आहे; तिने प्रत्येकाचा मेल वेगळा येतो खरा, पण उशिरा, आणि ऐन हंगामात तो उशीर परवडत नाही.

मला तडजोड बरी वाटते. दारावर सर्वांसाठी एकच सैल मर्यादा, समजा १५, ठेवावी आणि त्यापुढचे मेल तिथेच परतवावेत, म्हणजे चुकून अडलेल्या खऱ्या प्रेषकाला त्याचाच सर्व्हर ते कळवतो. आत आलेले मेल ज्याच्या त्याच्या मर्यादेनुसार जंक फोल्डरमध्ये टाकावेत. त्यासाठी सीव्ह ही छोटी नियमभाषा पुरते. प्रत्येकाच्या सवयीवरून शिकणाऱ्या बेझ पद्धतीवर मात्र लगेच विसंबू नये. स्पॅमअसॅसिनच्या मूळ मांडणीत ती २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय कामालाच लागत नाही, आणि दिवसाला दोन-चार मेल येणाऱ्या गोदामाच्या पत्त्यावर तेवढे जमायला महिनोन् महिने जातात.