हडळ, जखीण, डाकीण: सगळ्या एकाच चिंचेवर कशा बसल्या

हडळीवर स्त्रीवादी अंगाने लिहिलेलं हल्ली बरंच वाचायला मिळतं, "ती भूत नाहीच, अन्याय झालेली बाई आहे" या छापाचं. चूक नाही त्यात काही, पण मागचं थोडं माहीत असलेलं बरं, नाहीतर हडळ, जखीण, चेटकीण, डाकीण सगळ्या जणी एकाच चिंचेवर नेऊन बसवल्या जातात.

फार जुनं ताणत नाही. अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात हारीती बसलीय, लोकांची पोरं खाणारी यक्षिणी, बुद्धाने तिचंच पोर लपवलं तेव्हा तिला कळ समजली आणि मग ती पोरांची राखणदार झाली. आपली सटवाईपण त्याच घराण्यातली, पाचवीला पुजली तर बाळाचं नशीब लिहिते, विसरलात तर बाळालाच धरते.

खरा माल मात्र इंग्रजी अमलातल्या नोंदींत आहे. जिल्ह्याजिल्ह्याची गॅझेटियरं, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, निघाली, आणि १९१५ साली कोकणातल्या लोकसमजुतींचं संकलन छापून आलं, त्यातली बरीचशी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांकडून मागवलेली होती. त्यातल्या भुतांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून बघा. पुरुष मेला तर मुंजा, समंध, खवीस, गिऱ्हा, म्हणजे मुंज झाली होती का, जात कुठली, पैशात जीव अडकला होता का, पाण्यात बुडाला का. आणि बाई? सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट, बाळंत होऊन दहा दिवसांच्या आत किंवा विटाळशी असताना गेली तर हडळ. गावागणिक फरक आहेत, ठाण्याकडे गरोदर मेलेलीला हडळ म्हणायचे, पण प्रश्न दोनच, कुंकू होतं का आणि विटाळ होता का. तिची जमीन गेली म्हणून किंवा सूड राहिला म्हणून भूत झाली असा एक खानाच नाही त्या यादीत!

बाळंतीण गेली की तिला नेताना वाटेवर राळे टाकत जायचे आणि घराच्या उंबऱ्यात खिळा ठोकायचा, का तर ती परत येऊ नये. घरात तान्हं रडतंय आणि त्याच घराच्या उंबऱ्यात त्याच्या आईसाठी खिळा. याच काळात शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहाचं बारा करणारा १८९१ चा कायदा आला तर पुण्यातल्या भल्या भल्या पुढाऱ्यांनी धर्मात ढवळाढवळ म्हणून आकाश डोक्यावर घेतलं होतं. कोवळ्या पोरी बाळंतपणात जात होत्या आणि गावं त्यांच्या हडळी मोजत होती, हे दोन्ही एकत्र वाचायचं सुचायला मात्र फार वेळ लागला. २०१८-२० पर्यंत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ वर आले होते, हडळ दिसायची कमी झाली त्याचं श्रेय विजेच्या दिव्यांना देतात लोक, थोडं दवाखान्यांनाही द्या.

स्त्रीवादी अभ्यासाने दुसरं एक धरलं ते म्हणजे अंगात येणं. एरवी तोंड वर करून न बोलणारी सून झाड लागलं की सासूला अगंतुगं करते, नवऱ्याकडे साडीचोळी मागते आणि सगळं घर हात जोडून ऐकतं. हे बंड म्हणायचं की नाही यावर मतं आहेत, माझ्या मते अर्धंच, कारण दुसऱ्या दिवशी देवऋषी येतो मिरचीची धुरी घेऊन.

आणि इथेच तो कायद्याचा घोळ, ज्यावर माझं जरा जास्तच बोलणं होणार आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे वर्षानुवर्षं अडकलेल्या जादूटोणाविरोधी विधेयकाचा घाईने वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत १२ बाबी आहेत. पहिलीच बाब भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणं, छडीने मारणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, केसांनी छताला टांगणं अशी आहे, आणि केसांनी टांगलं जातं म्हटल्यावर कुणाला ते वेगळं सांगायला नको. पुढे अमकी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचं दूध आटवते असं जाहीर करणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. सगळं ठीक, पण सगळीकडे 'व्यक्ती'. बिहारने १९९९ ला डायन प्रथेविरुद्ध, म्हणजे बाईला डाकीण ठरवण्याविरुद्ध, वेगळा कायदा केला, झारखंडने २००१ ला तोच उचलला, राजस्थानने २०१५ ला स्वतःचा केला. आपल्याकडे सातपुड्यात, नंदुरबारकडे जिवंत बाईला डाकीण, म्हणजे करणी करणारी, ठरवतात, बऱ्याचदा विधवेला, त्यातही जमिनीचा तुकडा नावावर असलेल्या विधवेला, तरी ते करणीच्या कलमातच बसवलं. एकच कायदा सर्वांना पुरतो, उगाच आदिवासींवर शिक्का नको, असं एका बाजूचं म्हणणं, त्यातला शिक्क्याचा मुद्दा मला पटतोही. पण कायद्यात बाईचं नावच नसेल तर पोलिसाला तो जमिनीचा वाद वाटतो, आणि वाद म्हटलं की समजूत घालून परत पाठवणं सोपं.

म्हणून हडळ 'आपलीशी' करायची सध्याची जी लाट आहे, टीशर्टवर हडळ, स्टेटसला हडळ, पडद्यावर २०१८ च्या 'स्त्री' सिनेमापासून घाबरणारे पुरुष आणि सन्मान मागणारी भुतीण, तिच्याबद्दल माझी तक्रार एवढीच. केस मोकळे सोडून तिन्हीसांजेला दारात उभी राहू नको, हडळ दिसतेस, हे ऐकत वाढलेल्या पोरींनी तोच शब्द मिरवला तर बिघडत काही नाही. हडळ मेलेली असते, तिला कोण काय करणार. डाकीण जिवंत असते, गावात राहते, तिचं घर जाळता येतं. तिच्या नावाचा टीशर्ट तिच्या गावात घालून फिरता येईल का, ते आधी बघा.