अस्वलांच्या जंगलात कमरेला काय: रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

मोंटाना, वायोमिंग किंवा अलास्काच्या रानात चार दिवस तंबू ठोकून राहायला निघालेल्यांच्या गप्पांत एक वाद हमखास निघतो. ग्रिझली, म्हणजे तिथलं मोठं तपकिरी अस्वल, अंगावर आलं तर हातात रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल? लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात: एका हातात मावणारं, आखूड नळीचं शस्त्र. फरक आतल्या यंत्रणेत आहे, आणि शहरात फारसा न जाणवणारा हा फरक जंगलात फार महत्त्वाचा ठरतो.

रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे एक फिरतं सिलिंडर असतं. त्यात पाच-सहा घरं, प्रत्येक घरात एक काडतूस. ट्रिगर ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकतं आणि घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा हातोडा, मागे जाऊन आपटतो. सगळं काम बोटाच्या जोरावर चालतं. त्यामुळे एखादं काडतूस फुसकं निघालं तरी डोकं चालवावं लागत नाही. ट्रिगर पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस समोर हजर. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचं तसं नाही. काडतुसांचं मॅगझिन त्याच्या पोकळ मुठीत बसतं. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना नवं काडतूस नळीत ढकलते. इथे काडतूस फुसकं निघालं तर दुसऱ्या हाताने स्लाइड ओढून ते काढावं लागतं. तो दुसरा हात त्या क्षणी मोकळा असेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कळत नाही. पिस्तुलाची नळी एखाद्या अंगात जोरात रुतली तर स्लाइड किंचित मागे सरकते आणि बहुतेक पिस्तुलं मग उडतच नाहीत. अस्वलाने माणसाला खाली पाडलेलं असताना गोळी झाडायची तर अशीच, अंगाला टेकवूनच झाडावी लागणार. रिव्हॉल्व्हरला याचा फरक पडत नाही. शिवाय पिस्तूल नीट चालायला मनगट घट्ट हवं. घाबरलेल्या, सैल हातातून झाडलेल्या पिस्तुलाची स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी मध्येच अडकते.

एवढं ऐकलं की रिव्हॉल्व्हरवाले खूश होतात. ‘रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही’ हे वाक्य अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानांत इतक्यांदा ऐकू येतं की ते खरंच वाटायला लागतं. ते अर्धंच खरं आहे. स्मिथ अँड वेसनचं ३२९पीडी हे स्कँडियम या हलक्या धातूच्या मिश्रधातूच्या सांगाड्याचं, .४४ मॅग्नम हे दणकट काडतूस वापरणारं रिव्हॉल्व्हर रिकामं असताना जेमतेम ७०० ग्रॅम भरतं. दिवसभर डोंगर चढणाऱ्याला हे वजन फार मोहात पाडतं. पण शस्त्र हलकं झालं म्हणजे धक्का वाढला. त्या धक्क्याने सिलिंडरमधल्या बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून हळूहळू पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या बाहेर डोकावली की सिलिंडर फिरायचंच थांबतं. पिस्तूल अडकलं तर दोन-तीन सेकंदांत मोकळं करता येतं, हे मात्र तंबूत परत जाऊन, हत्यारं घेऊन सोडवायचं काम. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली कचरा किंवा न जळलेल्या दारूचे कण गेले तरीही सिलिंडर जड फिरायला लागतं.

आता ताकदीचा प्रश्न. .४४ मॅग्नम १९५५च्या अखेरीस आलं. एल्मर कीथ नावाच्या पश्चिमेकडच्या शिकाऱ्याने जड दारू भरलेल्या काडतुसांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला, त्यातून रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर काढलं. साडेपंधरा ग्रॅमची गोळी, नळीच्या लांबीप्रमाणे साधारण हजार ते तेराशे जूल ऊर्जा. पिस्तुलांसाठीचं १० एमएम ऑटो हे काडतूस १९८३मध्ये ब्रेन टेन या पिस्तुलाबरोबर आलं. १९८६मध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, त्यानंतर त्या खात्याने १० एमएम उचललं. पण पूर्ण ताकदीचा धक्का बऱ्याच जणांना झेपेना, म्हणून दारू कमी केली, आणि त्यातूनच १९९०मध्ये .४० एस अँड डब्ल्यू हे आखूड काडतूस जन्माला आलं. पोलिसांनी टाकलेलं १० एमएम मग शिकारी आणि ट्रेकर लोकांनी आपलंसं केलं. तेरा ग्रॅमच्या गोळीला साधारण साडेआठशे जूल, म्हणजे नेहमीच्या ९ एमएमपेक्षा बरंच जास्त आणि .४४पेक्षा कमी. ग्लॉक २० या पिस्तुलात अशी १५ काडतुसं बसतात. ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणाऱ्या डेन्मार्कच्या सिरियस तुकडीकडे ध्रुवीय अस्वलांसाठी हेच पिस्तूल असतं. अर्थात त्यांच्याकडे रायफलही असते, हे जाहिरातवाले सांगत नाहीत.

पंधरा विरुद्ध सहा, म्हणून पिस्तूल श्रेष्ठ, असा हिशेब बरेच जण मांडतात. मला तो फसवा वाटतो. ग्रिझली ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास धावतं, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. तीस मीटरवर झुडपातून निघालं तर तुमच्याकडे दोन सेकंद आहेत, आणि त्यातच शस्त्र बाहेर काढायचं आहे. पंधरा गोळ्या कुणाला मारायला मिळणार? पहिली, फार तर दुसरी, नशीब असलं तर तिसरी. म्हणून मोजायचं असेल तर पहिल्या गोळीनंतर दुसरी नेमकी मारायला किती वेळ लागतो ते मोजावं. .४४ मॅग्नमची नळी धक्क्याने वर उसळते, ती खाली येऊन पुन्हा नेम लागेपर्यंत अस्वल पोहोचलेलं असतं. त्यातून रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर घोडा न चढवता ओढायचा तर पाच किलोंच्या आसपास जोर लागतो; ग्लॉकचा त्याच्या निम्म्यात ओढला जातो. १० एमएमचा धक्काही लहान नाही, पण बहुतेक मध्यम ताकदीच्या हातांना तो सरावाने आवाक्यात येतो. .५००सारखी राक्षसी काडतुसं घेऊन मिरवणाऱ्यांनी आपली दुसरी गोळी कुठे लागते ते नेमबाजीच्या रेंजवर एकदा पाहावं.

गोळी कोणती, हा मुद्दा तर शस्त्राइतकाच मोठा आहे आणि नवखे लोक इथेच चुकतात. शहरात स्वसंरक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचं टोक पोकळ असतं. अंगात शिरल्यावर ती फुलते आणि लवकर थांबते, म्हणजे पलीकडच्या कुणाला लागत नाही. अस्वलाच्या बाबतीत हाच गुण दोष ठरतो. जाड कातडं, चरबी, खांद्याचे प्रचंड स्नायू आणि हाडं पार करून आत पोहोचायचं तर न फुलणारी, चपट्या टोकाची, कठीण शिशाची ओतीव किंवा घन तांब्याची गोळी लागते. २०१६ साली अलास्कातल्या एका मुरलेल्या गाइडने ९ एमएमच्या पिस्तुलाने ग्रिझली मारलं, ते अशाच न फुलणाऱ्या गोळ्यांनी. ती घटना दाखवून ९ एमएम पुरे म्हणणाऱ्यांनी त्या हातामागचा अनुभवही जमेस धरावा. दुसरी अडचण अशी की ग्लॉक कंपनी आपल्या नळीतून उघड्या शिशाच्या गोळ्या मारू नका असं सांगते. मग वेगळी नळी बसवा किंवा धातूचं आवरण असलेली गोळी घ्या. रिव्हॉल्व्हरला ही कटकट नाही, आणि गोळीचा आकार कसाही असला तरी ते कुरकुरत नाही.

दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी ते सॅकमध्ये ठेवून उपयोग नाही. कमरेचं होल्स्टर, म्हणजे शस्त्राची म्यान, सॅकच्या पट्ट्याखाली अडकतं, म्हणून छातीवरचं होल्स्टर बरं. ग्लॉकला अंगठ्याने लावायचा वेगळा खटका नसतो, तेव्हा ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हवंच.

माझं मत विचाराल तर नियमाने रेंजवर जाणाऱ्याने १० एमएमचं पिस्तूल घ्यावं. वर्षाकाठी एखाद-दुसऱ्यांदाच शस्त्र हातात धरणाऱ्याने जड, स्टीलचं रिव्हॉल्व्हर घ्यावं, कारण त्यात विसरण्यासारखं कमी असतं. तेवढाही सराव करणार नसेल त्याने अस्वलांसाठीचा मिरचीचा स्प्रे घ्यावा. स्प्रेला कमी लेखू नका. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये अलास्कातल्या घटना तपासल्या, तेव्हा तपकिरी अस्वलांवर (ग्रिझली त्यातलंच) स्प्रे मारलेल्या प्रसंगांपैकी ९२ टक्क्यांत त्यांचं नको ते वागणं थांबलं होतं. त्यांच्याच २०१२च्या अभ्यासात हँडगनचं, म्हणजे रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांचं, यश ८४ टक्के निघालं, पण बंदूक वापरलेल्या आणि जवळ असून न वापरलेल्या लोकांच्या इजेत लक्षणीय फरक दिसला नाही. स्प्रेचा ढग सात-आठ मीटर जातो आणि त्याला फार नेम लागत नाही. वारा तोंडावर असला तर मात्र तुमचंच वाटोळं. विमानात तो सामानातूनही नेता येत नाही, आणि योसेमिटी उद्यानात त्याला बंदी आहे.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी खरेदीआधी व्हिसा पाहावा. एच-१बी, एच-४ किंवा एफ-१सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतूस बाळगणं हाच केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. अपवाद मोजके, त्यातला ठळक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. मित्राचं पिस्तूल आपल्या सॅकमध्ये वागवणंही त्यात येतं. ग्रीनकार्डधारकांना ही आडकाठी नाही. २२ फेब्रुवारी २०१०पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र जवळ बाळगता येतं, पण उद्यानाच्या सरकारी इमारतींत ते नेता येत नाही आणि उगाच झाडणं तर बहुतेक ठिकाणी निषिद्धच. सिअॅटलहून गाडीने अलास्काला जाताना मध्ये कॅनडा लागतो. अस्वलाची भीती हे कारण सांगून तिथून हँडगन नेता येत नाही. आणि अलास्कात स्वतःचा जीव वाचवताना अस्वल मारलं, तर त्याचं कातडं पंजांसकट सोलून, कवटी वेगळी करून, दोन्ही राज्य सरकारच्या हवाली करावी लागतात. सोलायचं काम मारणाऱ्याचंच असतं.