नर्सिंग होममधली कॉल बेल : ‘खोली’पासून ‘खाटे’पर्यंत

घंटा वाजली की झडप उघडावी आणि उघडीच राहावी, म्हणजे कोणी बोलावले ते परिचारिकेला कळेल, अशी मागणी लंडनमधल्या एका रुग्णालयासाठी १८५३ मध्येच झाली होती. पुढे झडपेच्या जागी दारावरचा दिवा आला.

अमेरिकेत बटण खोलीत असले की पुरे, की ते प्रत्येक खाटेजवळ हवे, हा खरा वाद अलीकडचा आहे. १९८७ च्या सुधारणा कायद्यानंतर सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या वृद्धांच्या नर्सिंग होमना जी केंद्रीय नियमावली लागू झाली, तिच्यात रहिवाशांच्या खोल्यांतून आणि शौचालय-स्नानगृहातून आलेला कॉल परिचारिका कक्षात पोहोचावा, एवढेच म्हटले होते. एका खोलीत चार जणांपर्यंत ठेवायला परवानगी होती. बटण खोलीत असले, तरी ते प्रत्येकाच्या हाताशी असेलच असे नव्हते.

या नियमावलीच्या २०१६ च्या फेररचनेत ‘प्रत्येक रहिवाशाच्या खाटेपासून’ असे शब्द आले आणि कॉल थेट कर्मचाऱ्याकडे किंवा मध्यवर्ती कामाच्या जागी जाण्याची सोय मान्य झाली. मात्र खाटेची अट लागू करायला २८ नोव्हेंबर २०१९ पर्यंत मुदत दिली गेली. वायरिंगचा खर्च मोठा असतो, हे खरे. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तीन वर्षे हा फार मोठा काळ आहे, आणि इतकी सवलत द्यायला नको होती. तपासनिसांसाठीच्या सुधारित सूचना तर ऑक्टोबर २०२२ मध्ये अमलात आल्या.

बेल बसवली म्हणजे ती चालतेच असे नाही. शौचालयातली दोरी फरशीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागली पाहिजे. प्रत्यक्षात ती आधाराच्या दांडीला गुंडाळलेली सापडते. अनेक यंत्रणांत खाटेजवळची वायर निघाली की आपोआप कॉल लागतो, म्हणून तो आवाज थांबवायला सॉकेटमध्ये नकली प्लग खोचून ठेवतात. मग यंत्रणेच्या लेखी सगळे ठीक असते आणि खाटेवरच्या माणसाकडे बटणच नसते. बिनतारी बटणांत बॅटरी संपण्याची भर पडली. म्हणून प्रत्येक खाटेवर आणि प्रत्येक शौचालयात स्वतः बटण दाबून, दोरी ओढून पाहण्याला पर्याय नाही.

कॉल गेल्यावर किती मिनिटांत कोणी यावे, हे मात्र केंद्रीय नियमात आजही आकड्यात लिहिलेले नाही.